रिकामा चॅनेल

सप्टेंबरच्या एकवीस तारखेपासून ऑक्टोबरच्या सहा तारखेपर्यंत, सोळा दिवसांत, आमच्या घरचे वायफाय नऊ वेळा बंद पडले. नऊही वेळा ते दुपारी बंद पडले आणि नऊही वेळा बरोबर चाळीस मिनिटांनी आपोआप सुरू झाले. एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही.

“गेलं,” चौथ्या वेळी शलाका आतल्या खोलीतून म्हणाली.

मी घड्याळ पाहिले. बारा वाजून सव्वीस मिनिटे. वहीत वेळ लिहिली, खिडकीबाहेर पाहिले, वेळेपुढे ‘पाऊस’ असे लिहिले आणि मग आत गेलो. क्रम असा होता.

माझ्या बायकोचा डावा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि दोन उशांवर ठेवलेला होता. मांडीवर रुग्णालयाने दिलेला टॅब. त्याच्या पडद्यावर कोणाच्या तरी फुफ्फुसाचा वरचा अर्धा भाग आला होता, खालचा यायचा होता.

“घाईचं आहे का काही?” मी विचारले.

“आज नाही. जुना खोकला आहे. पण घाईचं असतं तर, मुकुंद?”

शलाका रेडिऑलॉजिस्ट. सत्तर किलोमीटरवरच्या तालुक्याच्या रुग्णालयात सीटी स्कॅनचे यंत्र होते, पण स्कॅन वाचणारे कोणी नव्हते. तिथली चित्रे आमच्या समुद्रकाठच्या शहरातल्या मुख्य रुग्णालयात तिच्याकडे येत आणि ती फोनवर निदान सांगे. ऑगस्टअखेर जिन्यावरून घसरून तिचा घोटा मोडला. प्लॅस्टर निघेपर्यंत तिने घरून वाचावे, असे ठरले. रुग्णालयाच्या अटी दोन. चित्रे फक्त त्या टॅबवर उघडायची आणि टॅब फक्त त्यांनी यादीत घातलेल्या वायफायलाच जोडायचा. टॅबला तार जोडण्याची सोय त्यांनी बंद केलेली होती. आमच्या इमारतीत मोबाईलला जेमतेम एक रेघ येई. फोनवर बोलता येई, चित्र येत नसे. म्हणजे सगळा भार राउटरवर होता आणि राउटर मी निवडला होता.

नुसता निवडला नव्हता. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरा राउटरांचा तक्ता करून, दहा दिवस विचार करून, ज्याची मूळ प्रणाली काढून आपल्या पसंतीची घालता येते असा एक मी घेतला होता. मग इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून, जिन्यातून आणि गच्चीवरून हवेतल्या लहरी मोजल्या. वायफायच्या लहरींचे पट्टे दोन, जुना आणि नवा. जुन्या पट्ट्यात तेवीस घरांची वायफाय एकमेकांच्या अंगावर पडत होती. नव्या पट्ट्यातही गर्दी होतीच. पण त्यात एक चॅनेल असा सापडला, की तिथे कोणीही नव्हते. तीनदा मोजले, तिन्ही वेळा शून्य. राउटरच्या मूळ प्रणालीत हा चॅनेल निवडीसाठी दिसतच नव्हता. तो मी कंपनीचा आळस समजलो. नव्या प्रणालीत तो उघडता आला. राउटर त्या एका चॅनेलवर बांधला, जुना गर्दीचा पट्टा प्रणालीतूनच काढून टाकला, वेग वाढावा म्हणून आतल्या नोंदी ठेवणेही बंद केले. जुना राउटर काढला आणि त्याचे नाव रुग्णालयाच्या यादीतून काढून घ्यायला लावले. दोन नावे कशाला? नंतर आठवडाभर रोज चाचणी घेतली. एकदाही खंड पडला नाही.

म्हणून बिघाड सुरू झाला तेव्हा संशयितांच्या यादीत मी माझे बदल घातले नाहीत. ते तपासून झाले होते.

पहिला संशय लाईनवर. केबलवाले दळवी आले, भिंतीवरच्या डब्याकडे पाहून हसले.

“सर, डब्यावरचा लाल दिवा पेटला होता का?”

“नाही.”

“मग आमची लाईन सोन्यासारखी आहे. डब्यापर्यंत गंगा येतेय, पुढचं तुमचं. तुम्ही म्हणे त्या राउटरचं डोकं काढून दुसरं बसवलंत?”

“प्रणाली बदलली.”

“तेच ते. आमच्याकडे दीडशे घरं आहेत. डबा लावतात, पासवर्ड विसरतात, सुखात राहतात.”

माझ्या आग्रहाखातर त्यांनी बाहेरचा जोड बदलला. माझा तर्क होता की जोडात ओल जात असावी, कारण वहीत प्रत्येक वेळेपुढे ‘पाऊस’ लिहिलेले होते. कोरड्या दिवशी बिघाड एकदाही नव्हता.

“काल रात्रभर पाऊस होता,” शलाका म्हणाली. “तेव्हा नाही गेलं.”

“दुपारी तापमान वाढतं. ओल अधिक उष्णता, असं काहीतरी असणार.”

“म्हणजे तुझा पाऊस ऑफिसच्या वेळा पाळतो.” मग हसू आवरून ती म्हणाली, “मुकुंद, जुना राउटर परत लाव. हळू का असेना, चालू तर राहील. यादीत नाव घालायला सांगते मी.”

“लावला आणि बिघाड थांबला, तर कारण कधीच कळणार नाही. एका वेळी एकच बदल. अजून चार-पाच नोंदी मिळू देत.”

“तुला कारण हवंय. मला चित्र हवंय.”

“कारण कळलं की चित्र कायमचं मिळेल.”

तिने टॅब पुन्हा मांडीवर ओढला. मी ते संमती म्हणून धरले.

घरात तिसरे माणूस होते. लेकीचा पाय मोडल्यावर माझ्या सासूबाई देवरुखहून आल्या होत्या. सासरे जाऊन चार वर्षे झाली होती आणि मुलगा नव्हता. पितृपक्ष एकवीस तारखेला लागला तेव्हा त्यांनी संकोचाने विचारले होते, “मुकुंदराव, ह्यांच्या नावाने रोज दुपारी कावळ्याला घास ठेवते मी. इथे ठेवला तर चालेल ना? तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे मला.”

“कावळ्याला जेवायला माझ्या विश्वासाची गरज नाही, आई. ठेवा.”

उघडीप असेल त्या दिवशी त्या घास घेऊन गच्चीवर जात, तिथे कावळे जास्त. पाऊस असला की गॅलरीत ठेवत. गॅलरीला आधीच्या मालकाने पावसाची झड अडवायला पत्र्याची सरकती दारे बसवली होती आणि पावसाळाभर ती बंद असत. त्या दार सरकवत, कठड्यावर पानावर भात ठेवत आणि कावळा शिवेपर्यंत तिथेच उभ्या राहत. दहा-पंधरा मिनिटांत कावळा येई. मग दार पुन्हा बंद.

आठव्या दिवशी, चौथ्या बिघाडानंतर, मी वहीत आलेख काढत असताना त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“रागावणार नसाल तर एक सांगते.”

“सांगा की.”

“ते तुमचं इंटरनेट माझ्यामुळे जातं.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“गॅलरीचं दार उघडलं, की आतून शलूचा आवाज येतो, ‘गेलं’ म्हणून. चारही वेळा तसंच. गच्चीवर जाते त्या दिवशी नाही जात. मी मोजलंय.” त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. “ह्यांच्या मनात काहीतरी राहिलंय, मुकुंदराव. मुलाने ठेवायचा घास मी बाईमाणूस ठेवते, ते रुचत नसेल. किंवा माझाच पायगुण बरा नसेल.”

“आई, कावळ्याचा आणि वायफायचा काही संबंध नाही.” मी शक्य तितक्या सौम्यपणे बोललो. “पाऊस असला की वायफाय जातं. पाऊस असला की तुम्ही गॅलरीत जाता. दोन्हींचं कारण पाऊस. तुमचं दार हा नुसता योगायोग आहे. वर्गात मी मुलांना हेच उदाहरण देईन आता.”

“असेल हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शिकलेले.”

मी वहीत काही लिहिले नाही. त्यात लिहिण्यासारखे मला काही वाटले नाही.

ऑक्टोबरच्या सहा तारखेला सर्वपित्री अमावास्या होती. सकाळपासून पाऊस होता. तोवर आठ बिघाड झाले होते. बारा वाजायच्या आधीच मी राउटरसमोर खुर्ची टाकून बसलो. शलाकाने त्या दिवशी सकाळपासून दोनदा विचारले होते, “आज काय करायचं?” आणि मी दोन्ही वेळा “बघू” म्हटले होते.

साडेबाराला तिचा फोन वाजला. तालुक्याच्या रुग्णालयातले डॉक्टर नाखवा. तिने स्पीकर लावला.

“मॅडम, एका पेशंटचा स्कॅन पाठवतोय. काशिनाथ घाग, वय चोपन्न, होडी बांधणारा आहे. अकरा वाजता रंधा हातातून पडला. उजवी बाजू लुळी, बोलणं अडखळतंय.”

“अकराला म्हणजे नक्की अकराला?”

“मुलगी शेजारीच होती. अकरा म्हणतेय. गुठळी असेल तर इंजेक्शन तयार आहे. तुम्ही रक्तस्राव नाही म्हणालात की लगेच देतो.”

आमच्या घरात हे गणित सगळ्यांना पाठ होते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि जितके लवकर तितका मेंदू वाचतो. पण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तेच इंजेक्शन माणूस मारते. म्हणून कोणीतरी चित्र पाहून ‘नाही’ म्हटल्याशिवाय ते देता येत नाही.

“येतायत,” शलाका टॅबवर वाकली. “पहिली दहा आली. बारा. मानेकडचा भाग आहे हा.”

त्या वेळी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात केळीच्या पानावर भात, वडा, खीर.

“मुकुंदराव, आज सर्वपित्री. आज चुकवून चालत नाही. पण गॅलरीत नको, मी गच्चीवर जाऊन येते. छत्री घेते.”

“जिना ओला आहे, आई. घरात एक पाय मोडलाय तेवढा पुरे.”

“पण ते बंद पडलं तर?”

“पडणार नाही. तुमच्या दाराने काही होत नाही. गॅलरीतच ठेवा.” आणि माझ्याच्याने राहवले नाही. “आज एकदा सिद्धच होऊन जाऊ दे.”

त्यांनी पान दोन्ही हातांत धरले. मग गेल्या. पत्रा सरकल्याचा आवाज आला.

“एकोणीस,” शलाका मोजत होती. “वीस. एकवीस...” आणि मग, “मुकुंद!”

मी घड्याळ पाहिले. बारा अडतीस. हातातल्या पेन्सिलीने ती वेळ लिहिली गेली आणि त्यानंतर मी उठलो.

“जुना लाव. आत्ता,” शलाका म्हणाली.

कपाटातून जुना राउटर काढून जोडायला मला चार मिनिटे लागली. त्याचे वायफाय आले. टॅबने ते नाकारले. यादीत त्याचे नाव नव्हते आणि नव्याचे नाव देऊन भागत नव्हते, टॅब यंत्राचा क्रमांकही पाही. मुख्य रुग्णालयातल्या ज्या माणसाने ते घालायचे, तो जेवायला गेला होता आणि त्याचा फोन वाजत राहिला. नव्या राउटरला जुन्या पट्ट्यात आणायचे म्हणून मी त्याची सेटिंगे उघडली. तो पट्टा काढून टाकलेला होता. मी वाचलेल्या मजकुरावरून प्रणाली पुन्हा घालायला वीस मिनिटे लागणार होती आणि अध्येमध्ये काही चुकले तर तो चाळीस मिनिटांनीही उठणार नव्हता. माझा हात कळफलकावर थांबला. बंद-चालू करून उपयोग होत नाही, हे तिसऱ्या बिघाडातच तपासलेले होते.

“मॅडम, दिसलं का?” फोनमधून नाखवा.

“लाईन गेलीय, डॉक्टर. एकवीसच चित्रं आली. मेंदूचा वरचा भाग आलाच नाही.”

“मी सांगू का इथून? स्क्रीनसमोरच उभा आहे.”

“सांगा. पांढरं काही दिसतंय? दोन्ही बाजू सारख्या आहेत का?”

“सारख्याच वाटतायत. डावीकडे जरा... मॅडम, खरं सांगू? मला हे वाचता येत नाही. पांढरं म्हणजे किती पांढरं?”

“हाडासारखं नव्हे. हाडाहून मळकट.”

“एक ठिपका आहे मधोमध.”

“मधोमध असेल तर तो बहुधा चुन्याचा असतो. सगळ्यांनाच असतो.” तिने डोळे मिटले. “पण बहुधा म्हणून इंजेक्शन नाही देता येत. तुम्ही फोनवरून फोटो काढून पाठवा.”

फोटो निघाला आणि आमच्या एका रेघेवर अडकून राहिला. मी फोन घेऊन जिन्यात गेलो, खाली फाटकापर्यंत गेलो, पावसात हात उंच करून उभा राहिलो. पडद्यावरचे वर्तुळ फिरत होते. शेजारच्या दोन्ही घरांना कुलुपे होती आणि ती उघडी असती तरी टॅबने त्यांची वायफाय घेतली नसती. मी परत वर आलो तेव्हा सासूबाई बंद दाराला पाठ लावून उभ्या होत्या.

“लावलं मी दार,” त्या म्हणाल्या. “कावळा शिवला नाही. तरी लावलं.”

मी तार पुन्हा नव्या राउटरला जोडली आणि त्याच्यासमोर बसलो.

एकच्या सुमारास फोनमध्ये नाखवांच्या मागे एका तरुण बाईचा आवाज येऊ लागला. “डॉक्टर, बाबा माझं नाव घेत नाहीयेत. मघा घेत होते.” शलाकाने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. मला बरे वाटले असते रागाने पाहिले असते तर.

एक अठराला दिवा हिरवा झाला. चाळीस मिनिटे. दोन मिनिटांत सगळी चित्रे आली. शलाकाने ती खालून वर, वरून खाली पाहिली.

“रक्तस्राव नाही. डॉक्टर, ऐकताय? रक्तस्राव नाही. डाव्या बाजूला गुठळी आहे. द्या.”

“दिलं,” नाखवा म्हणाले. एक चोवीस झाले होते.

काशिनाथ घाग वाचले. बोलणे महिन्याभरात परतले. उजव्या हाताची तीन बोटे परतली नाहीत. होड्या आता जावई बांधतो, ते सावलीत बसून सांगतात. ती तीन बोटे त्या चाळीस मिनिटांत गेली की आधीच गेली होती, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग नाही. शलाकाला मी हे एकदा विचारले. तिने हेच उत्तर दिले आणि पुन्हा विचारू नकोस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले होते. सासूबाईंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली दिसली.

“हे काय?”

“दहाची गाडी आहे देवरुखची. शलूला मी म्हटलंय, बाई ठेव कोणीतरी. माझ्यामुळे एखाद्याचा जीव जायला नको.”

“आई, बसा जरा.” मला हे वाक्य उच्चारायला वेळ लागला. “मला त्या दिवशी तुम्ही जे सांगत होता ते पुन्हा सांगा. कावळा आणि मामंजी सोडून. फक्त दाराचं.”

त्यांनी सांगितले. दार उघडले की जाते. गॅलरीतल्या दिवशी जाते, गच्चीवरच्या दिवशी नाही. नऊपैकी नऊ.

मी राउटरच्या बंद ठेवलेल्या नोंदी चालू केल्या. शलाकाने नाखवांना फोन करून कोणी रुग्ण नसल्याची खात्री करून घेतली.

“दार उघडा, आई.”

“नको हो.”

“उघडा. आज पाऊस नाही. भातही नाही. नुसतं दार.”

त्यांनी देवाचे नाव घेऊन पत्रा सरकवला. खाडीपलीकडची टेकडी समोर आली आणि तिच्या माथ्यावरचा पांढरा, वाटोळा घुमट. अकरा सेकंदांनी दिवा गेला. पडद्यावर नोंदीची एकच ओळ उमटली होती. तिचा अर्थ: या चॅनेलवर रडार आढळले, प्रक्षेपण थांबवले.

“मेलं माझं नशीब,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणालो. “तुमचं निरीक्षण बरोबर होतं. दहाची गाडी जाऊ द्या.”

“आणि ह्यांचा राग?”

“त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण दिवा त्यांनी घालवलेला नाही.”

प्रणाली पुन्हा घालून जुना पट्टा त्याच सकाळी उघडला. त्यानंतर बिघाड झाला नाही. आठवड्याने मुख्य रुग्णालयाने लेखी खुलासा मागवला. मी तो एका पानात लिहिला आणि पाठवण्याआधी दोघींना वाचून दाखवला. सासूबाईंनी फक्त एवढेच विचारले, “ते शेवटचं लिहायलाच हवं का?” मी हो म्हटले. तो मजकूर असा:

‘टेकडीवरचे हवामानाचे रडार ज्या लहरी वापरते, त्याच चॅनेलवर घरचा राउटर बांधलेला होता. तो चॅनेल रडारसाठी मोकळा सोडण्याचा नियम आहे, म्हणून तो रिकामा होता. निवडणाऱ्याने तो रिकामा आहे हे तीनदा मोजले, का रिकामा आहे हे विचारले नाही. गॅलरीचे पत्र्याचे दार बंद असताना रडारच्या लहरी अडत. दार उघडले की त्या राउटरपर्यंत पोहोचत. रडार आढळताच राउटर नियमानुसार तीस मिनिटे गप्प राही आणि पुढची दहा मिनिटे चॅनेल मोकळा आहे का ते ऐके. ही चाळीस मिनिटे. घरातल्या एका व्यक्तीने हा संबंध आठव्या दिवशी अचूक सांगितला होता. तिने दिलेले कारण चूक होते, म्हणून मी तिचे निरीक्षणही टाकून दिले. त्यानंतरचे पाच बिघाड, सहा ऑक्टोबरचा धरून, यामुळे झाले.’